बारा वाजेपर्यंत

पहाटेचे सव्वापाच वाजले होते. पालपरंबच्या शाळेच्या मैदानात आठ चुली पेटल्या होत्या, तांदूळ भिजून टपोरा झाला होता, आणि अडीच हजार पाकिटांच्या बिर्याणीचा कांदा मोयदु आचारी स्वतः उभा राहून तळून घेत होता. शेजारी सुगुणन उगाचच सूचना करत होता, आणि मोयदु त्या उगाचच ऐकत होता. तेवढ्यात सुगुणनचा फोन वाजला. थोरल्या बहिणीचा, प्रसन्नाचा.

"सुगुणा," ती म्हणाली, "गेले रे."

सुगुणन चार पावलं बाजूला झाला, आंब्याखाली गेला आणि म्हणाला, "कुणाला सांगितलंस का?"

सख्ख्या बहिणीचा नवरा गेल्याचं कळल्यावर माणसाच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? पुढे कित्येक दिवस जेवताना सुगुणनला हा आपलाच प्रश्न आठवायचा आणि घास तोंडात नुसता फिरायचा.

"कुणाला सांगणार? तुलाच पहिलं."

"मग बारापर्यंत कुणाला कळता कामा नये. ऐकतेस ना, चेच्ची? पाकिटं एकदा वाटून होऊ देत."

मग तिनं विचारलं, "उशाशी दिवा लावू ना?"

"दिवा नको. खिडकीतून दिसेल."

"तोंडात पाणी तरी..."

"पाणी घाल. ते घाल तू. पण दार लावून घे. आणि रडू नकोस. शेजारी पातुम्माच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं. बारा वाजेपर्यंत रडू नकोस, चेच्ची, नंतर मग..."

नंतर मग काय, ते त्याला सांगता येईना. प्रसन्ना "बरं" म्हणाली. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, पण भावानं आवाज चढवला की "बरं" म्हणायची तिची सवय पोरवयापासूनची होती.

सुगुणन चुलीपाशी परतला तेव्हा मोयदुही आपला फोन लुंगीत खोचत होता. त्यानं सुगुणनकडे पाहिलं, झारा कढईवर निथळत धरला आणि विचारलं, "काय करायचं, सुगुणा? पुढचं घ्यायचं ना?"

"घ्या की मोयदुक्का. न घ्यायला काय झालं?"

"काही नाही," मोयदु म्हणाला. "विचारलं आपलं." आणि त्यानं पाठ फिरवली.

*

प्रसन्नाचा नवरा पवित्रन विहिरी उपसायचा. उन्हाळा लागला, पाणी तळाला गेलं की पालपरंबमधल्या घराघरांतून त्याला बोलावणं यायचं. दोर बांधून तो खाली उतरायचा, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं की पहिला पेला स्वतः पिऊन दुसरा त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. नायर असो, मापळा मुसलमान असो, ख्रिस्ती असो, त्याचा हात लागला नाही अशी विहीर गावात शोधून सापडली नसती. मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको, एक घर, अंगणात दोन माड, एवढाच पसारा.

मग पोटात गाठ निघाली. कोळिकोडच्या मोठ्या इस्पितळात आठ महिने गेले, त्या आठ महिन्यांत घराचे कागद सहकारी बँकेत गेले, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा. ते दुखणं मात्र कुणाला बघता आलं नाही. दोन महिने पवित्रन रात्रंदिवस कण्हत होता.

पवित्रन इस्पितळात असतानाच गावानं समिती केली होती. आमच्याकडे माणूस आजारी पडला की आधी समिती होते, मग औषध होतं. एरवी चहाच्या टपरीवर एकमेकांचं तोंड न बघणारे लाल झेंडेवाले, हिरवे झेंडेवाले आणि हातवाले एका बाकावर बसले, वॉर्डाची मेंबर कमलाक्षी अध्यक्ष झाली, आणि सगळ्यांनी मिळून सुगुणनला निमंत्रक केलं. तिठ्यावर पवित्रनचा मोठा फलक लागला. कुठल्याशा लग्नातला फोटो कापून घेतला होता, त्यामुळे पवित्रनच्या खांद्यावर कुणाचा तरी बिनमाणसाचा हात तसाच राहिला होता. रुग्णवाहिकेतून घरी येताना पवित्रननं तो फलक पाहिला आणि डोळे मिटून घेतले ते घर येईपर्यंत.

पैसा कसा उभा करायचा यावर फार डोकेफोड झाली नाही. बिर्याणी चॅलेंज. घरोघर कुपनं वाटायची, ठरल्या दिवशी शाळेत बिर्याणी शिजवायची, ज्यानं त्यानं पाकीट न्यायचं आणि एकशेवीस रुपये ठेवायचे. समितीचं म्हणणं पंधराशे पाकिटं पुरे. अडीच हजारांचा हट्ट सुगुणनचा. "माझ्या बहिणीचं घर आहे ते, पंधराशेत सुटत नाही," असं तो भर सभेत बोलला होता. तांदूळ, तूप, चारशे किलो कोंबडी, सगळं त्याच्या शब्दावर उधार आलं होतं.

आणि आता मयत झालेल्या घराच्या नावानं कोंबडी कोण खाणार? मरण कळलं की चुली विझणार, कढया तशाच राहणार, माणसं तोंड पाडून घरी जाणार. घर तर जाईलच, वर चारशे किलो कोंबडी बहिणीच्या डोक्यावर बसेल. सुगुणननं आंब्याखाली उभ्या उभ्या एवढा हिशोब केला होता. हिशोबात चूक नव्हती. तरीही त्याला वाटत होतं की आत्ता जमीन दुभंगली तर बरं.

कारण पवित्रन परवाच त्याला म्हणाला होता. दुखण्याच्या दोन लाटांमध्ये जरा सवड मिळाली की तो बोलायचा. "सुगुणा, तुझी ती बिर्याणी मी असेपर्यंत उरक. मेल्यावर माझ्या नावानं कुणाच्या घशाखाली घास घालू नकोस. मला त्याची लाज वाटेल."

"असलं अभद्र बोलू नका, पवित्रेट्टा," सुगुणन म्हणाला होता. "तुम्ही स्वतः दोन घास खाणार आहात त्यातले."

*

झाकणाचा कागद आणायचाय, असं सांगून सुगुणन सहा वाजता स्कूटरवरून बहिणीकडे गेला.

पवित्रन पडला होता तसाच होता. दहा महिन्यांत आक्रसून त्याचं एवढंसं झालं होतं. प्रसन्ना भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिनं टॉवेलचं टोक तोंडात कोंबलं होतं. भावाला पाहून तिनं ते काढलं नाही. नुसतं बोट दाखवलं, जबडा उघडा राहिला होता तो बांधायचा आहे म्हणून. सुगुणननं पंच्याची पट्टी फाडून तो बांधला. हे काम त्याला येत होतं.

येणारच. सुगुणनचा धंदाच मांडवाचा. लग्नाला लागणारे मंडप, खुर्च्या, चेंबू म्हणजे बिर्याणीची मोठाली पातेली, आणि मयताला लागणारी निळी ताडपत्री, खुर्च्या, काचेची बर्फाची पेटी, सगळं एकाच गोदामात. पालपरंबमध्ये कुणी गेलं की नातेवाइकांच्या आधी फोन सुगुणनला. खुर्च्या उतरवता उतरवता त्यानं हजारदा ऐकलं होतं, येणारा प्रत्येक जण फाटकातून आत शिरला की आधी एकच विचारतो, कधी गेले? मग घरातलं कुणीतरी वेळ सांगतं, आणि ऐकणारा मान हलवतो, जणू त्या वेळेत काहीतरी उत्तर दडलंय. हा प्रश्न न विचारता आमच्याकडे मयताच्या घरात कुणी खुर्चीला पाठ लावत नाही.

आज त्याच्या गोदामात ती काचेची पेटी रिकामी पडली होती, आणि त्याच्या स्वतःच्या पवित्रेट्टनला एप्रिलच्या उकाड्यात ती मिळणार नव्हती. पेटी रस्त्यावर दिसली की संपलंच. त्यानं खिडक्या लावल्या आणि पंखा पाचावर केला. पंख्याच्या वाऱ्यानं मेलेल्या माणसाचे केस हलायला लागले. ते बघवेना म्हणून तो बाहेर आला.

फाटकात पातुम्मा उभी. शेजारची, मोयदुची आई, सत्तरीची, डोक्यावर पांढरा तट्टम, हातात झाकणाचा डबा. दोन महिने ती रोज सकाळी पवित्रनसाठी पेजेचं गाळलेलं पाणी घेऊन यायची.

सुगुणन फाटक अडवून उभा राहिला. "झोपलेत, उम्मा. रात्री खूप त्रास झाला, आत्ता कुठे डोळा लागलाय."

पातुम्मानं त्याच्या खांद्यावरून बंद दाराकडे पाहिलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"झोपू दे मग," ती म्हणाली. "हे प्रसन्नाला दे. चारचौघी असत्या तर भरवलं असतं, आता तूच दे. म्हणावं, पोटात काहीतरी ढकल."

"देतो."

"तूही खा रे, मोने. तोंड बघ कसं झालंय."

डबा नेहमीपेक्षा जड होता. सुगुणननं तो आत ठेवला, उघडून बघितला नाही. बघितला असता तर कळलं असतं, त्यात गाळलेलं पाणी नव्हतं. घट्ट पेज होती, मूग घातलेली, चावून खाणाऱ्या माणसाची. मयताच्या घरी शेजारणी नेतात तशी.

*

त्या सकाळी मैदानात काहीतरी बिनसलं होतं, आणि सुगुणनला वाटत होतं की ते आपल्याच मनात बिनसलंय.

एरवी बिर्याणी चॅलेंज म्हणजे अर्धी जत्रा. मोयदु कर्ण्यावर मापळा गाणी लावणार, पोरं पाकिटांची चळत पाडणार, कांदा कुणी जाड चिरला यावरून बायकांची जुंपणार, आणि कुणीतरी "माझ्या पाकिटात तंगडी टाक हं" म्हणून चिठ्ठी पाठवणार. आज कर्णा मुका होता. विचारलं तर मोयदु म्हणाला, "वायर तुटलीय." बायका लांब बाकावर ओळीनं बसून पाकिटं भरत होत्या: भात, मसाला, वर तळलेला कांदा, बाजूला खजुराच्या लोणच्याची पुडी. हात भराभर चालत होते, तोंडं बंद.

आणि कुणी विचारत नव्हतं. दोन महिने सुगुणन चहाला गेला, केस कापायला गेला, तरी पहिला प्रश्न ठरलेला, पवित्रनचं कसं आहे? आज सकाळपासून एकानंही विचारलं नाही. खोटं बोलायची तयारी करून आलेल्या माणसाला ते ऐकायलाच कुणी नसावं, हे फार वाईट. कुणाला संशय आला असेल का? मग त्यानं ते केलं, जे घाबरलेला माणूस हमखास करतो. न विचारता सांगायला लागला.

"आज जरा हुशारी आहे हं त्यांना," तो कमलाक्षीला म्हणाला. ती मेंबर असली तरी कंबर बांधून लोणचं भरत होती. "सकाळी दोन घोट पेज घेतली."

कमलाक्षीचा हात थांबला. लोणच्याचा थेंब बाकावर सांडला. "हो का," ती म्हणाली, आणि वर न बघता तो थेंब पुसत राहिली. पुसला गेला तरी पुसत राहिली.

मेलेल्या माणसाला त्यानं पेज पाजली होती. तोंडातून शब्द गेल्यावर सुगुणनला ते कळलं. पण एकदा घसरलेला पाय थांबतो थोडाच? पुढच्या तासाभरात त्यानं पोस्टमनला सांगितलं की पवित्रेट्टन उशीला टेकून बसले होते, आणि जुन्या हेडमास्तरांना सांगितलं की त्यांनी तुमची आठवण काढली. हेडमास्तर चष्मा काढून पुसायला लागले. "माझी काढली? बरं झालं सांगितलंस," म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवून निघून गेले.

दहालाच झाकणं उघडली. वेळ अकराची दिली होती, पण माणसं आधीच येऊन रांगेत उभी. रांगेत हुज्जत नाही, सुट्ट्यावरून कटकट नाही. पाचशेची नोट देऊन एकच पाकीट घेतलेली माणसं बाकी न मागता चालायला लागली. "अहो, उरलेले," म्हणून सुगुणन मागून ओरडला की ती हात हलवायची, मागे वळायची नाहीत. हा त्याला चांगला शकुन वाटला.

सबंध सकाळीत एकानंच विचारलं, तो गावचा नव्हता. रस्त्याच्या कामावरचा तमिळ मुकादम, मजुरांसाठी वीस पाकिटं घ्यायला आलेला. फलकाकडे बोट करून म्हणाला, "पेशंट कसा आहे, साहेब?"

"बरा आहे," सुगुणन म्हणाला. "झोपलाय."

बाकावरच्या सगळ्या बायकांचे हात एकदम थांबले आणि परत चालू झाले. सुगुणनला वाटलं, भास असेल.

सव्वाअकराला शेवटचं पाकीट गेलं. अडीच हजारांतलं एकही उरलं नाही. पत्र्याच्या डब्यात नोटा मावत नव्हत्या, आणि तो डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सुगुणनला आपण चोरी करून बसलोय असं वाटत होतं. त्यानं बारापर्यंतही वाट पाहिली नाही. मोयदु चेंबू घासत होता, त्याच्याजवळ जाऊन तो म्हणाला, "मोयदुक्का, घरून फोन आला. पवित्रेट्टन गेले."

वेळ त्यानं मनाशी ठरवून ठेवली होती. अकरा वाजून पाच मिनिटं. कुणी विचारलं की जीभ अडखळू नये म्हणून तो ती घोकत होता.

मोयदुनं हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याला पुसले. "चल," म्हणाला.

*

अर्ध्या तासात निळी ताडपत्री बांधून झाली. सुगुणनच्या पोरांनी टेम्पोतून खुर्च्या उतरवल्या, काचेची पेटी आली, उशाशी दिवा लागला, नारळाच्या वाट्यांत वाती पेटल्या. सगळं कसं वेळेत. माणसं यायला लागली. फाटकातून आत यायची, पेटीपाशी उभी राहायची, हात जोडायची, बाहेर येऊन खुर्चीवर बसायची.

सुगुणन फाटकाशी उभा होता. हेडमास्तर आले, त्याचा हात हातात घेतला, सोडला, पुढे गेले. पोस्टमन आला. कमलाक्षी आली. समितीतले लाल आले, हिरवे आले, हातवाले आले. अकरा वाजून पाच मिनिटं, अकरा वाजून पाच मिनिटं, सुगुणन जिभेवर धरून उभा होता. सात जण झाले, वीस झाले, अंगण भरलं.

कुणीही विचारलं नाही, कधी गेले.

आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू ते खुपायला लागलं. ज्या गावात शंभरीच्या म्हातारीचीही वेळ चारदा विचारून घेतात, त्या गावात पवित्रनची वेळ कुणालाच नको होती. त्यानं स्वतःहून काढायचा प्रयत्न केला. "अचानकच झालं हो," तो एकाला म्हणाला, आणि थांबला, म्हणजे पुढचा विचारेल. पुढचा म्हणाला, "सुटला बिचारा," आणि आपल्या चपलांकडे बघत बसला.

मग लाकडांचं आठवलं. चितेला आंब्याचं लाकूड लागतं, आणि ते आधी तोडून कुणी ठेवत नाही. माणूस गेला की झाड बघायचं, पाडायचं, फोडायचं, यात दोन-तीन तास सहज जातात. धंद्यातल्या माणसाला हे माहीत नसेल तर कुणाला? सुगुणन लगबगीनं पातुम्माच्या घराकडे गेला. "उम्मा, तुमच्या वाडीतला तो वठलेला आंबा..."

पातुम्मा उठली आणि चालायला लागली. घरामागून, पाटावरच्या सुपारीच्या साकवावरून, पलीकडच्या वाडीत. तिथून शाळेचं मैदान दिसतही नाही आणि तिथला आवाज मैदानात पोचतही नाही.

आंबा जागेवर नव्हता. लाकडं फोडून, सारख्या लांबीची करून, नीट रचून ठेवली होती. बाजूला दोन कुऱ्हाडी टेकवलेल्या, आणि चहाचे रिकामे पेले, आठ-दहा माणसांचे. सुगुणननं एका ओंडक्यावर हात ठेवला. कापल्या जागी चीक वाळून तपकिरी पडला होता. ही लाकडं आत्ताची नव्हती. सकाळची होती.

तो तिथेच ओंडक्यावर बसला.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"दोन महिने तो कण्हायचा ते माझ्या चुलीपाशी ऐकू यायचं," पातुम्मा म्हणाली. "त्या आवाजावरच मी उठायचे. आज पहाटे थांबला. मी मोयदुला फोन केला, म्हटलं, संपलं वाटतं. तो म्हणाला, सुगुणन इथेच आहे, सांगेल. मग त्यानं तुला विचारलं."

पुढचं घ्यायचं ना? सुगुणनला तो झारा आठवला, कढईवर निथळणारा.

"तू म्हणालास घ्या. मग तू घरी आलास, खिडक्या लावल्यास, दिवा लावला नाहीस. आम्हाला कळलं तुझ्या मनात काय आहे. एकानं दुसऱ्याला सांगितलं. मुद्दाम नाही रे, पण गाव आहे."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"त्या रस्त्यावाल्या मुकादमाला नसेल."

सुगुणनच्या डोळ्यांपुढून सगळी सकाळ परत गेली. बाकावरचा लोणच्याचा पुसलेला थेंब. हेडमास्तरांचा पाठीवरचा हात. ती पेज, ती उशी, ती आठवण. त्याच्या प्रत्येक खोट्याला या माणसांनी मान डोलावली होती, मेलेल्या माणसाचं नाव घेऊन तो बरळत होता तेव्हा त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेतली होती. लहान पोर अंगावर शी करून ठेवतं आणि पाहुणे भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतात, तसं.

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"तू शरमला असतास."

तो आता शरमला नव्हता का? त्यानं तोंड ओंजळीत झाकलं. हाताला अजून तळलेल्या कांद्याचा वास येत होता.

"आणि ती पाकिटं..."

"झाकून ठेवलीत सगळ्यांनी. चिता पेटल्यावर उघडतील. टाकून कशी देणार? त्याच्या नावाची आहेत." पातुम्मा त्याच्या शेजारी ओंडक्यावर टेकली. रागावली नव्हती, पण तिला एक गोष्ट खरंच कळत नव्हती, आणि ती कळून घ्यायची होती. "मोने, तो माझ्या विहिरीत तीस वर्षं उतरला. सांगितलं असतंस, बाबांनो, पवित्रन गेला, चुली विझवा, तरी हेच पैसे आले असते. तिथे, त्याच्या अंगणात आले असते. तुला काय वाटलं, आम्ही बिर्याणीसाठी देत होतो?"

सुगुणनला तसंच वाटलं होतं.

*

चौघांनी लाकडं उचलली. सुगुणननंही एक ओंडका खांद्यावर घेतला, शर्टाला चीक लागला. घराच्या दक्षिणेला, जिथे चिता रचायची होती तिथे, तो टाकून तो घरात गेला.

खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दोघी-तिघी हमसून रडत होत्या, कमलाक्षीही. प्रसन्ना पेटीच्या उशाशी होती, तशीच भिंतीला टेकून. टॉवेल मांडीवर होता. त्याच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. डोळे कोरडे.

सुगुणन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. घराचे कागद सुटतील हे सांगायला तो आला नव्हता, पण दुसरं काय सांगावं तेही सुचेना. बायका सरकल्या, त्याला जागा दिली.

"चेच्ची," तो म्हणाला, "बारा वाजून गेले. आता रड."

प्रसन्नानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी तो भलतंच काही मागायचा तेव्हा बघायची तसं.

"आता येत नाही रे," ती म्हणाली. "सकाळी आलं होतं."

ती पुन्हा पेटीकडे वळली. सुगुणन तिथेच बसून राहिला. बाहेर मोयदु हाका मारत होता, आंघोळीसाठी विहिरीचं पाणी काढायचंय, दोर कुठेय म्हणून. दोर कुठे असतो ते पवित्रनलाच माहीत होतं.